तापीचा काठ : नगर आणि पाखरे



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला कोसाडला बोलावलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. विषय कळवला तेव्हा माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी विचारले, "जन्मभर मराठी शिकवलेत, आता पाखरांवर कुठे बोलायला निघालात?" प्रश्न रास्त होता. मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. परंतु जुने कागद वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की ज्यांनी आपल्यामागे एकही कागद ठेवला नाही, त्यांचा इतिहास लिहायचा कसा? आपल्या नदीकाठची पाखरे ही अशीच बिनकागदी मंडळी आहेत. त्यांच्याविषयीचे कागद माणसांनीच लिहिले, तेही अधूनमधून आणि बहुधा दुसऱ्याच कामाच्या ओघात. ते विखुरलेले दाखले एकत्र ठेवून तापीच्या काठाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभीच माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. शहर वाढले की नदीकाठचे पक्षी नाहीसे होतात, ही सर्वसाधारण समजूत अर्धीच खरी आहे. नदीवर पाखरांची संख्या पुष्कळदा पूर्वीइतकीच राहते, क्वचित वाढतेही. बदलतात त्या जाती. ज्यांना नदीचे एखादे विशिष्ट अंग हवे असते, त्या जातात, आणि ज्यांना आपले उष्टेखरकटे चालते, त्या येतात. आकाश रिकामे दिसत नाही, म्हणून काही गेले आहे हे कुणाच्या ध्यानीच येत नाही. ही न दिसणारी हानी लिहून ठेवण्याचे काम इतिहासाचे आहे, आणि ते शाळेने करण्याजोगे आहे.

१

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेच्या खाली खंभातच्या आखाताला मिळते. वाटेत ती खानदेशातून जाते. आज या सभागृहात बसलेल्या कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव याच नदीच्या वरच्या अंगाला आहे. १९०० साली ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि अमळनेर, नंदुरबारकडचा माणूस नदीच्या दिशेनेच सुरतेला उतरू लागला. पुढे गिरण्या आणि यंत्रमाग आले, तेव्हा हा ओघ वाढला. तेव्हा सुरतेचा मराठी माणूस तापीला परका नाही. तो तिच्याच पाण्याबरोबर खाली आला आहे.

माझे बालपण जळगाव जिल्ह्यात तापीकाठी गेले. पन्नास आणि साठच्या दशकांतली ती नदी मला आठवते. पावसाळ्यात ती दोन्ही थड्या भरून वाही. दिवाळीनंतर पाणी ओसरे, आणि होळीपर्यंत पात्रात वाळूचे मोठमोठे पट्टे उघडे पडत. त्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लागत. आम्ही मुले वाडीकडे निघालो की टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आकांत करी. तिची अंडी उघड्या वाळूगोट्यांत असत, आणि रंगाने गोट्यांशी इतकी मिळतीजुळती की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. पाण्यावर पिवळ्या चोचीचे, दुभंगलेल्या शेपटीचे नदी सुरय फिरत आणि मधूनच सूर मारत. हिवाळ्यात वाळूच्या कडेला चक्रवाकांची केशरी जोडपी उतरत. संस्कृत काव्यातला विरही चक्रवाक मी पुढे पुस्तकात वाचला. पण तो आधी मी नदीत पाहिलेला होता.

हे सांगण्याचे कारण स्मरणरंजन नव्हे. सुरय, नदी टिटवी, आर्ली, पाणचिरा हे पक्षी घरट्यासाठी झाडावर जात नाहीत. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूत, साधा खळगा करून, ते अंडी घालतात. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत नदी उतरणार आणि मृगापर्यंत पुन्हा चढणार नाही, या भरवशावर त्यांचा सारा संसार आहे. नदीचे वार्षिक वेळापत्रक हेच त्यांचे घर. हे वेळापत्रक कुणी आणि केव्हा बदलले, हा आपल्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. त्याकडे वळण्यापूर्वी साधनांविषयी थोडे बोलले पाहिजे.

२

सुरतेच्या इतिहासाची साधने विपुल आहेत. मोगलांचे बंदर, इंग्रजांची वखार, १६६४ आणि १६७० सालच्या शिवाजीमहाराजांच्या स्वाऱ्या, १८३७ सालची आग आणि त्याच वर्षीचा पूर, या साऱ्यांवर लिहिले गेले आहे. पाखरे मात्र या कागदांत चुकून डोकावतात. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ साली खंभातला आला, तेव्हा तेथील आजारी आणि जायबंदी पक्ष्यांचे रुग्णालय पाहून तो थक्क झाला. सुरतेस १६८९ साली आलेल्या ओव्हिंग्टननेही येथील जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. गुजरातेतील जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांची भूतदया ही पाखरांच्या इतिहासातली एक खरी शक्ती आहे. आजही उत्तरायणात पतंगाच्या मांज्याने कापलेले पक्षी उचलून उपचाराला नेणारे स्वयंसेवक सुरतेत दिसतात, आणि २०१७ पासून राज्य सरकारचे 'करुणा अभियान' जानेवारीत चालते. सुरती मांजा आणि सुरती करुणा, दोन्ही एकाच आकाशात असतात, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या इतिहासाशी अधिक जवळचा दाखला जेम्स फोर्ब्सचा आहे. १७७५ साली राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. त्यांच्या मदतीला कर्नल कीटिंगच्या हाताखाली जी फौज गेली, तिच्यात फोर्ब्स हा कीटिंगचा चिटणीस म्हणून होता. पुढे भडोच आणि डभई येथे नोकरी करताना तो पक्षी, फुले, झाडे यांची चित्रे काढी. १८१३ साली त्याने आपल्या आठवणी चार खंडांत छापल्या. त्यांत सुगरण पक्ष्याचे आणि त्याच्या टांगत्या घरट्याचे वर्णन आहे. सुगरणीचा हा खोपा पुढे आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी मराठीत अजरामर केला. फोर्ब्स भडोचकडचा, बहिणाबाई तापीखोऱ्यातल्या. एकाने चित्र काढले, दुसरीने ओवी रचली. पेशवाईच्या धामधुमीत वावरलेल्या एका कारकुनाच्या लेखणीत आणि खानदेशातल्या एका निरक्षर शेतकरी स्त्रीच्या कवितेत एकच पक्षी यावा, याचे कारण हा पक्षी तेव्हा सर्वांच्या नित्य पाहण्यातला होता. पाण्यावर झुकलेली बाभूळ, जवळ गवत आणि धान्याचे शेत एवढे असले की त्याचे भागे.

पद्धतशीर नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतात. ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात जे. डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८२ साली पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. १९४० च्या दशकात सलीम अलींनी गुजरातचे सर्वेक्षण केले आणि १९५४ पासून ते सोसायटीच्या नियतकालिकात छापले. नंदुरबारपासून समुद्रापर्यंतच्या तापीसाठी आपल्या हाती असलेली ही पायाभूत बखर म्हणता येईल.

पण बखर म्हटली की तिच्यात प्रक्षेप असायचाच! येथे एक हकिगत सांगण्याजोगी आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड १८७३ साली ह्यूमने जगापुढे आणले. त्याचे काही नमुने डेव्हिडसनने खानदेशात मिळवले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिले होते तापीवरचे मांडवी, साल १९१४. मांडवी म्हणजे आपल्याच सुरत जिल्ह्यातले मांडवी. या चिठ्ठीमुळे रानपिंगळा विसाव्या शतकात सुरतेच्या बाजूला होता, असा समज रूढ झाला. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि १९९९ साली सिद्ध केले, की तो मुळात डेव्हिडसननेच १८८० च्या दशकात गोळा केलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला नमुना आहे. खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा जिवंत सापडला. तो सापडला शहाद्याजवळ, आपल्या खानदेशात.

रानपिंगळा नदीचा पक्षी नव्हे, रानाचा आहे. परंतु या हकिगतीतला बोध आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. एका खोट्या चिठ्ठीने एका जातीचा इतिहास कित्येक दशके आडवाटेला नेला, आणि एका अधिकाऱ्याच्या खऱ्या नोंदींनी शंभराहून अधिक वर्षांनी तो मार्गावर आणला. दिनांक आणि स्थळ घालून प्रामाणिकपणे लिहिलेल्या एका ओळीचे मोल इतके असते.

३

आता नदीच्या वेळापत्रकाकडे वळू. १९५४ साली काकरापारचा बंधारा झाला. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले. त्याचा फुगवटा पार नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पोचतो. वर खानदेशात हतनूर झाले, प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज आले. १९९५ साली सुरत शहरात, रांदेर आणि सिंगणपोर यांच्यामध्ये, बंधारा-कम-कॉजवे उभा राहिला. उकाईने दक्षिण गुजरातला सिंचन आणि वीज दिली, कॉजवेच्या बंधाऱ्याने वाढत्या शहराला पिण्याचे पाणी. ही कामे नकोत असे म्हणणारा मी कोण? त्यांच्या पाण्यावर आपण सारे वाढलो आहोत. इतिहासकाराने मात्र जमेबरोबर खर्चाचीही नोंद ठेवावी.

सिंगणपोरच्या बंधाऱ्याने एका नदीच्या दोन नद्या केल्या. वरच्या बाजूला अमरोली, उत्राण, मोटा वराछाच्या अंगाला पाणी आता बारमाही साचलेले असते. तेथे भरती पोचत नाही आणि वाळू उघडी पडत नाही. अशा स्थिर, गोड्या पाण्याला साजेसे पक्षी तेथे आले. पाणकावळे खांबांवर पंख वाळवत बसतात, वारकऱ्यांचे थवे हिवाळ्यात तरंगतात, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी जलपर्णीवरून चालतात. 'वारकरी' हे आपल्या भाषेने त्या काळ्या पाणपक्ष्याला त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे दिलेले नाव आहे. आपल्या बोलीने पाखरांकडे किती जिव्हाळ्याने पाहिले, याचा तो पुरावा. परंतु जलपर्णीने पाणी झाकले, की वरून मासा हेरून सूर मारणाऱ्या सुरयाला आणि कवड्या धीवराला खालचे काही दिसत नाही. म्हणजे एकाच वनस्पतीने एकाला अंगण दिले आणि दुसऱ्याच्या ताटावर झाकण घातले.

बंधाऱ्याच्या खाली निराळे चित्र आहे. तेथे वरून येणारे गोडे पाणी कमी झाले, समुद्राची भरती मात्र येत राहिली. ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात शहराचे सांडपाणी मुरले, की अळ्या आणि किडे यांची पैदास वाढते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे कमी होतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, धोबी, बगळे यांना हा चिखल मानवतो. त्यांची दाटी पाहून नदी निरोगी आहे असा ग्रह सहज होतो. वस्तुतः ती दाटी म्हणजे नदीच्या प्रकृतीचा अहवालच असतो. तो वाचता आला पाहिजे, इतकेच.

वाळूत अंडी घालणाऱ्यांना मात्र वर जागा नाही आणि खालीही नाही. वर वाळू बुडाली, खाली ती चिखलाने झाकली, आणि मधल्या पट्ट्यांत बांधकामासाठी उपसली गेली. जेथे थोडी उरली, तेथे धरणातून अवेळी सोडलेले पाणी भर उन्हाळ्यात अंडी वाहून नेऊ शकते. ही कथा एकट्या तापीची नाही. भारतभरच्या नद्यांवर हेच घडल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघाने नदी सुरय हा पक्षी 'असुरक्षित' आणि पाणचिरा 'संकटग्रस्त' ठरवला आहे. माझ्या लहानपणी डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी आज जागतिक चिंतेच्या यादीत बसले आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक ऱ्हासाचे खापर शहरावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. गिधाडांचेच पाहा. मेलेली जनावरे साफ करणारे, आणि पारशांच्या दोखम्यांवर आपले ठरलेले काम करणारे हे पक्षी १९९० च्या दशकात देशभर झपाट्याने नाहीसे झाले. शहरे वाढली म्हणून ते गेले, असे सांगणे सोपे होते. परंतु कारण निघाले गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. २००४ साली ते सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जवळची वाटणारी कारणे नेहमी खरी नसतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने गिधाडांपासून शिकावे.

४

आता नगराकडे येऊ. १९६१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या सुमारे २ लाख ८८ हजार होती. १९९१ मध्ये ती १५ लाखांच्या घरात गेली, आणि २०११ मध्ये ४४ लाख ६६ हजारांवर पोचली. २००६ साली महापालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरवर नेण्यात आली. त्या वर्षी हद्दीत आलेल्या गावांत आपले कोसाड होते. गाव शहरात आले, म्हणजे शेत, पडीक रान, गावतळे आणि बाभळींची रांग एका निराळ्या हिशेबात आली. तेथे भूखंड, रस्ता आणि इमारत एवढीच खाती असतात. शेताच्या बांधावरची टिटवी, माळावरचे चंडोल, बाभळीवरची सुगरण यांना त्या हिशेबात रकाना नसतो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महापूर आला. उकाईतून प्रचंड विसर्ग झाला आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. या सभागृहात ज्यांनी तो पूर अनुभवला, त्यांना मी निराळे काही सांगायला नको. पुरानंतर काठाला संरक्षक पाळे आणि भिंती बळकट झाल्या, आणि तापीकाठच्या झोपडपट्ट्यांतली कितीतरी कुटुंबे उठवून येथे, कोसाडच्या वसाहतीत, आणली गेली. पुराच्या भयातून सुटका झाली, पक्के घर मिळाले. पण कामाची जागा लांब पडली, नदी दृष्टिआड झाली. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरची ही कथा आहे.

मित्रहो, पाखरांवर बोलताना मला माणसांचा विसर पडलेला नाही, आणि दोघांना एका तागडीत तोलण्याचा करंटेपणाही मी करणार नाही. परंतु नदीचा काठ जेव्हा केवळ पाणी अडवण्याची भिंत आणि फिरण्याची जागा ठरतो, तेव्हा त्याच्यावर दुसऱ्या रीतीने जगणारे सगळेच, वाळूत टरबूज लावणारा, धुणे धुणारा, मासे धरणारा, आणि वाळूत अंडी घालणारा, एकाच निर्णयाने काठावरून उठतात. माणसाला निदान नव्या घराचा क्रमांक मिळतो.

भिंतीलाही अंगीकारणारी पाखरे आहेत, हेही सांगितले पाहिजे. गुजरातेत सर्वत्र दिसणारी, राखी अंगाची आणि डोळ्याभोवती लालसर कातडी असलेली एक मैना मुळात नदीच्या मातीच्या दरडीत बिळे करून घरटी करते. दरड गेली, तेव्हा तिने पुलांची आणि भिंतींची पाणी निघण्याची भोके पत्करली. पारवे आणि घारी तर शहराबरोबर वाढल्याच. जगभरच्या अभ्यासकांना हेच आढळले आहे, की शहराच्या गाभ्याकडे जावे तसतशी जातींची संख्या घटते, पण उरलेल्या थोड्या जाती मोठ्या संख्येने नांदतात. सगळी शहरे पाखरांच्या बाबतीत एकमेकांसारखी होऊ लागतात. भाषेच्या अभ्यासकाला हे परके नाही. प्रमाणभाषा सर्वदूर पोचते तेव्हा बोलणारे वाढतात, बोली मात्र कमी होतात.

गेल्या जानेवारीत मी कॉजवेवर सकाळी उभा होतो. कुरव पक्ष्यांचे शुभ्र थवे पाण्यावर आणि कठड्याभोवती फिरत होते. गुजरातीत त्यांना धोमडा म्हणतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर वीण करतो आणि हिवाळ्यात समुद्राकडे उतरतो. लोक त्यांना गाठिया टाकत होते. मुले हरखली होती. एक आजोबा नातवाला सांगत होते, की हे पाहुणे आहेत, पाहुण्याला उपाशी ठेवू नये. त्या वाक्यात खंभातचे जुने रुग्णालय होते. पण तळलेले, खारट बेसन हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे, आणि पक्षिमित्र लोकांना तसे सांगतही असतात. मला त्या आजोबांना टोकण्याचा धीर झाला नाही. मनात आले, एवढी माया असलेल्या शहरात फक्त माहितीच कमी पडते आहे. ती पोचवणे हे शिक्षकाचे काम, आणि मी तेथे गप्प उभा होतो.

५

जेथे माहिती साठवली गेली, तेथे काय घडले? पुण्याचा दाखला घेऊ. मुळा-मुठेचे आणि सुरतेचे साम्य वरवरचे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, आणि पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. सुरतेत २००६ नंतर कोसाडला जे झाले, त्याचे हे आधीचे रूप. पुण्यातही धरणांनी नदीचे वेळापत्रक बदलले, सांडपाण्याने पाणी बदलले. पण तेथे काही माणसांनी वह्या ठेवल्या. प्रकाश गोळे यांनी १९८२ साली इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली, आणि मुळा-मुठेच्या काठचे पक्षी हा त्यांच्या निरीक्षणाचा विषय झाला. बंडगार्डनच्या खाली येरवड्याजवळच्या पाणथळीला पुणेकरांनी सलीम अलींचे नाव दिले. राडारोडा आणि बांधकाम यांनी ती जागा आक्रसत गेली, हे दुर्दैव खरेच. तरीही नदीकाठ सुशोभनाची योजना पुढे आली, तेव्हा पुण्याच्या नागरिकांपाशी बोलायला पुरावा होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते झाडांना मिठी मारायला नदीवर जमले, ते भावनेच्या बळावर जमले, पण युक्तिवाद करताना हातात याद्या होत्या. वहीने नदी वाचतेच असे नाही. वही नसेल तर मात्र नदीची बाजू मांडताच येत नाही.

सुरतेपुढे हा प्रश्न आज उभा आहे. सिंगणपोरच्या खाली, रुंढ आणि भाठा यांच्या दरम्यान, आणखी एका बॅरेजचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला आहे. शहराला गोड्या पाण्याची गरज आहे, हे निर्विवाद. ते बॅरेज झाले, की कॉजवेपासून तेथपर्यंत ज्या पात्रात आज भरती-ओहोटी होते, तेथे स्थिर पाणी साचेल. ओहोटीचा चिखल कायमचा झाकला जाईल, आणि त्या चिखलावर जगणारे शेकाटे, तुतवार, बगळे यांना समुद्राकडे सरकावे लागेल. कदाचित वारकरी आणि पाणकावळे तेथे येतील. पाखरांची एकूण बेरीज तितकीच दिसेल. आणि २० वर्षांनी एखादा मुलगा विचारील, "येथे पूर्वी काय होते?"

१९९५ पूर्वीच्या तापीविषयी असा प्रश्न मला कुणी विचारला, तर मी काय सांगू? ७० च्या दशकापासून मी सुरतेला येत आहे. थोरले बंधू उधन्याला कामाला होते. त्यांच्याबरोबर कितीदा नदीवर गेलो. पाखरे पाहिली, आणि एकही ओळ लिहिली नाही. जन्मभर विद्यार्थ्यांना साधनांचे महत्त्व शिकवणाऱ्या माणसाची ही कबुली आहे. डेव्हिडसनने परक्या मुलखात, कचेरीचे काम सांभाळून, जे केले, ते मी माझ्या स्वतःच्या नदीवर केले नाही. आता माझ्यापाशी आठवणी आहेत. पण दिनांक नसलेली आठवण म्हणजे साधन नव्हे.

म्हणून शाळेला एक विनंती करून मी थांबतो. मोठे काही नको. वर्गासाठी एक जाड वही, आणि महिन्यातून एक सकाळ. अमरोलीच्या पुलावरची एक जागा, कॉजवेखालची एक जागा, आणि कोसाडच्या परिसरातले एखादे तळे किंवा शेताचा उरलेला तुकडा, अशी तीन ठिकाणे ठरवावीत आणि ती बदलू नयेत. तारीख, वेळ, पाणी चढलेले की उतरलेले, कोणता पक्षी, किती, आणि काय करत होता, एवढे लिहावे. नाव माहीत नसेल, तर आजीला विचारावे. खानदेशी बोलीतले नावही लिहावे आणि गुजरातीही. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षी कोशा'सारखा ग्रंथ कपाटात असावा. ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशी 'काही दिसले नाही' असे लिहावे. इतिहासाला तेही हवे असते. आणि न पाहिलेला पक्षी वहीत कधी घालू नये, मग तो कितीही सुंदर असो. मांडवीच्या चिठ्ठीची आठवण ठेवावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना बंधाऱ्यापूर्वीची नदी आठवते, त्यांनी पहिल्या काही पानांवर आपल्या आठवणी लिहून द्याव्यात, आणि त्या आठवणी आहेत, असे वर स्पष्ट लिहावे. ही वही शाळेच्या दप्तरात, पटावरच्या नोंदींइतक्याच काळजीने ठेवली जावी. पहिले पान लिहायला बोलावलेत, तर मी येईन. सुरय, नदी टिटवी आणि चक्रवाक ही तीन नावे मला तेथे घालायची आहेत, पुढे गावाचे नाव आणि 'अंदाजे १९५८'.